चार वाद्यं आणि अप्पांची तपासणी

आमच्या अप्पांनी आयुष्यात एकूण चार वाद्यं दुरुस्त केली. त्या चारही वाद्यांना त्याआधी काहीही झालेलं नव्हतं.

अप्पांना जाऊन आता दीड महिना झाला. तिलवाऱ्याला नर्मदेत अस्थी सोडून आलो, भेटायला येणारे येऊन गेले, आणि अप्पांची लोखंडी पेटी न उघडण्यासाठी माझ्याकडे कुठलीच सबब उरली नाही. म्हणून उघडली. त्यात काय निघालं ते शेवटी सांगते. अप्पांच्या शिस्तीत कागदावर आधी वस्तूचं नाव, मग दोष आणि निर्णय सर्वांत खाली असतो.

अप्पा इथल्या एका कारखान्यात तपासनीस होते. तिथे काय बनतं ते घरी बोलायचं नाही असा नियम होता, त्यामुळे मला ते कधीच कळलं नाही (बाकी सगळ्या जबलपूरला ठाऊक होतं). मला एवढंच माहीत होतं की तिथे बनलेली वस्तू अप्पांच्या टेबलावर येते, अप्पा तिला उलटीपालटी करतात, कानाशी धरून हलवतात, आणि मग तिला हिरवी नाहीतर लाल चिठ्ठी बांधतात. हिरवी म्हणजे पास. लाल म्हणजे नापास. जिला लाल चिठ्ठी, ती शेजारच्या दुबेजींकडे जायची. दुबेजी त्याच कारखान्यात फिटर होते. अप्पांनी दोष काढायचा आणि दुबेजींनी तो काढून टाकायचा, असा दोघांचा वीस वर्षांचा संसार होता.

ही सवय कारखान्याच्या फाटकाशी थांबत नसे. आमच्याकडे नारळ आला तरी तो आधी तपासला जाई आणि मगच देवापुढे जाई. मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाच्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता, तर अप्पांनी मुलगा खुर्चीत बसलेला असतानाच खाली शिरून पाचर ठोकली. त्या लोकांचा निरोप पुढे आला नाही. अप्पा म्हणाले, "खुर्ची मात्र आता हलत नाही."

त्यात लढाईचे दिवस आले. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले, शाळेच्या व्हरांड्यात वाळूच्या लाल बादल्या टांगल्या गेल्या, आणि कारखान्याच्या पाळ्या आठाच्या बारा तासांच्या झाल्या. अप्पा घरी यायचे, पण त्यांचे हात कारखान्यातच राहिलेले असायचे. जेवताना पोळीसुद्धा उजेडापुढे धरून बघायचे.

मी तेव्हा राइट टाउनमधल्या एका मराठी शाळेत नुकतीच लागले होते. पाचवीला वाचनाचा तास घ्यायचे. शाळेच्या कपाटात मला एक इंग्रजी सचित्र पुस्तक सापडलं होतं, ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांची मुलांना ओळख करून देणारं. वाद्यांची चार घराणी: तारांची, लाकडी फुंकीची, पितळी फुंकीची आणि बडवायची. मी ते पुस्तक तीनदा वाचलं, मराठीत टिपणं काढली, वाद्यांची चित्रं काढून पुठ्ठ्यांवर चिकटवली. ऑर्केस्ट्रा मी आयुष्यात ऐकलेला नव्हता. रेडिओवर चुकून लागलाच तर आई "खरखर लागली वाटतं" म्हणून बटण फिरवायची. पण पुस्तक वाचलं की गोष्ट कळते, अशी माझी त्या वयात ठाम समजूत होती. (ती समजूत पुढच्या परिच्छेदांमध्ये वारली.)

ऑर्केस्ट्रा म्हणजे शंभरेक माणसं. आमच्याकडे जोसेफ मास्टर होते. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे, चारही घराण्यांमधलं एकेक वाद्य वाजवू शकणारे. एरवी लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची, पण दिवेबंदीमुळे वराती बंद झाल्या आणि त्यांचं काम सुटलं. मी विचारायला गेले तेव्हा ते ट्रॉम्बोन मोडीत घालायला निघाले होते. म्हणाले, "बेटी, पीतल तो बिक जाएगा. इस उमर में आदमी कौन खरीदेगा?"

मी तशीच मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सोमवारी कार्यक्रम करा. मुलांना आवडलं तर तुमच्या मास्तरांना आठवड्याला दोन तास देते. नाही आवडलं तर ते दोन तास शिवणाचे. सुया आल्या आहेत."

मी मास्टरना शब्द दिला की मुलांना आवडेलच. त्यांनी ट्रॉम्बोन मोडीवाल्याच्या दारातून परत आणला.

शनिवारी मास्टर सायकलवरून दोन खेपा करून चारही वाद्यं आमच्या क्वार्टरमध्ये ठेवून गेले: व्हायोलिन, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन आणि खाली तारा लावलेला लहान ढोल. मला पुठ्ठे ताडून बघायचे होते, आणि सोमवारी मास्टर परस्पर शाळेत येणार होते. निघताना व्हायोलिनच्या पेटीवरून हात फिरवत म्हणाले, "बस, धूल मत लगने देना."

एवढंच. पण आमच्या घरात सूचना आली की तिची अंमलबजावणी होते.

रविवारी अप्पांना लढाईतली पहिली सुट्टी मिळाली. दुपारी जेवून उठले आणि बैठकीत चार नवीन वस्तू बिनचिठ्ठीच्या पडलेल्या त्यांना दिसल्या. दहा मिनिटांत दुबेजी औजारांची पेटी घेऊन हजर. सतरंजीवर वर्तमानपत्र अंथरलं गेलं. अप्पांनी चष्मा लावला, कागदावर रेघा मारल्या आणि मला हाक मारली.

"कुमुद, तुझं पुस्तक घेऊन ये. तू सांगशील तसं."

"अप्पा, मास्टरजींनी फक्त धूळ लागू देऊ नका म्हटलंय."

"हौ, मग धूळच पाहून राहिलो." अप्पांनी व्हायोलिन उचललं, तारांच्या खाली बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. "हे पांढरं काय आहे?"

मी पुस्तकातलं व्हायोलिनचं पान उघडलं. लाकूड होतं, तारा होत्या, खुंट्या होत्या, गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावतात हेही होतं. पांढऱ्या पुडीबद्दल काही नव्हतं.

"पुस्तकात नाही," मी म्हणाले. "धूळच असेल."

"असेल का आहे?"

"आहे."

"लिहून दे. मी तोंडी हुकमावर काम करत नाही."

मी लिहून दिलं. 'पांढरी पूड: धूळ. काढावी.' खाली सही. बी. ए.च्या परीक्षेतही मी इतक्या आत्मविश्वासानं काही लिहिलं नव्हतं.

मग अप्पांनी गज तारेवर अलगद ओढून बघितला. तारेनं एक कण्हल्यासारखा आवाज काढला. दुबेजींनी लगेच मान हलवली. "बड़े बाबू, ये तो सूखा घिस रहा है. इसमें कभी तेल ही नहीं पड़ा."

"काहून गं, घासला पाहिजे का हा?" अप्पांनी मला विचारलं.

पुस्तकात लिहिलं होतं की चांगल्या वादकाचा गज तारांवरून अगदी सहज फिरतो. मी ते वाचून दाखवलं. सहज फिरणं म्हणजे काय हे कारखान्यातल्या दोन माणसांना समजावून सांगावं लागत नाही. शिवणयंत्राचं तेल आलं. गजाच्या केसांना आईनं माझ्या केसांना लावलं नसेल इतक्या मायेनं दुबेजींनी ते चोळलं.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी बोरूची पातळ पात असते. अप्पांनी तिला नखानं टिचकी मारली. ती थरथरली. थरथरणं हा कारखान्यात गंभीर दोष. "ढिली आहे," अप्पा म्हणाले. मी बारकाईनं चित्र बघितलं. चित्रातली पात थरथरत नव्हती. (चित्रातलं काहीच थरथरत नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.) मी लिहिलं, 'घट्ट करावी.' खाली सही. दुबेजींनी मेणाचा दोरा घेऊन ती पात अशी आवळली की तिनं पुन्हा जन्मात हलायचं नाव घेऊ नये. तेवढ्यात अप्पांनी नळी उलटी केली. "इथं मागून एक भोक आहे. पुस्तकात किती भोकं आहेत?"

मी मोजली. पुस्तकातलं चित्र समोरून काढलेलं होतं.

"मागे एकही नाही," मी म्हणाले.

"मग हे जादा आहे. इथून हवा जाऊन राहिली." पुट्टी आली. भोक बुजलं.

ट्रॉम्बोनची सरकती नळी थोडी रेटून सरकत होती. तिच्यावर कारखान्यातल्या दोघांचंही एकमत झालं, मी सही केली आणि उरलेलं सगळं तेल तिच्यात गेलं. ढोलाच्या खालच्या कातड्याला तारा लावल्या होत्या आणि ढोल उचलला की त्या खुळखुळायच्या. अप्पांनी तो कानाशी धरला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या हाताखालून गेलेली कुठलीही वस्तू खुळखुळत गेली असती तर लढाईच्या दिवसांत काय झालं असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला विचारलंसुद्धा नाही, फक्त कागद पुढे केला. मी सही केली. दुबेजींनी तारांच्या आणि कातड्याच्या मध्ये जुन्या कांबळ्याची घडी सारली आणि तारा कसून बांधल्या. ढोल गप्प झाला.

संध्याकाळी चारही वाद्यं आरशासारखी चमकत होती. चारहींना हिरवी चिठ्ठी. आईनं हळदीकुंकू लावू का म्हणून विचारलं.

सोमवारी सकाळी मास्टर शाळेत आले ते पलटणीतला काळा कोट घालून. कोट त्यांना मोठा झाला होता. टेबलावरची वाद्यं बघून ते दारातच थबकले. "अरे वाह," ते हळूच म्हणाले. "इतना तो परेड में भी नहीं चमकते थे." त्यांचे डोळे ओले झालेले मी बघितले आणि माझी छाती फुगली. मागच्या बाकावर अप्पा आणि दुबेजी पाळीवरून थेट, खाकी कपड्यांमध्ये येऊन बसले होते, पोराच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखे. पहिल्या रांगेत मोठ्या बाई. त्यांच्या मांडीवर शिवणाच्या सुयांची डबी होती. ती त्यांनी मुद्दाम आणली होती की विसरून, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी पहिला पुठ्ठा वर धरला. "मुलांनो, हे व्हायोलिन. याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या सर्वांत जवळचा असतो. ऐका."

मास्टरनी डोळे मिटले, गज उचलला आणि तारांवरून ओढला.

काही झालं नाही.

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा ओढला. गज इकडून तिकडे गेला, तिकडून इकडे आला. इतका सहज गज कुठल्याही पुस्तकात फिरला नसेल. आवाज शून्य. पुढच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "खूप हळू आवाज आहे. तुला येऊन राहिला का?"

"मला थोडा थोडा येऊन राहिला," शेजारीण म्हणाली. ती स्वभावानं भिडस्त होती.

मी घाईनं दुसरा पुठ्ठा उचलला. "आता क्लॅरिनेट. लाकडी घराण्यातलं सगळ्यात गोड वाद्य." मास्टरनी फुंकलं. गाल फुगले, मान लाल झाली, आणि दुसऱ्या टोकातून सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा फुस्स आवाज आला. मुलं आता हसू दाबत होती. मोठ्या बाईंनी डबी उघडून सुया मोजायला घेतल्या.

"पितळी घराणं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मास्टर बिचारे नेहमीच्या जोरानं ट्रॉम्बोनची नळी पुढे सारायला गेले. नेहमी ती हाताला थोडी धरून असायची. त्या दिवशी तिनं कुणालाच धरलं नाही. ती वाद्यातून सुटली, मास्टरच्या बोटांमधून सुटली, मोठ्या बाईंच्या अंबाड्यावरून गेली, दारातून व्हरांड्यात गेली आणि वाळूच्या लाल बादलीत जाऊन उभी राहिली.  मग मागच्या बाकावरून दुबेजींचा समाधानी आवाज आला, "देखा बड़े बाबू, कितनी फ्री हो गई!"

सगळा वर्ग फुटला. मुलं बाकांवर लोळायला लागली. मास्टरनी ढोल गळ्यात अडकवला आणि काड्या मारल्या. गादी बडवल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी ढोल खाली ठेवला, त्याची हिरवी चिठ्ठी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी वाचली आणि वर्गाकडे बघितलं.

"ये किसने किया?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज ट्रॉम्बोन मोडीत घालायला निघालेल्या माणसाचा होता.  मी तोंड उघडलं. आता 'मी' एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढंच माझ्या तोंडातून निघेना. मोठ्या बाई बघत होत्या, मुलं बघत होती.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. अप्पा उभे राहिले. त्यांच्या खाकी शर्टच्या खिशातून माझ्या सह्यांच्या कागदाचा कोपरा बाहेर आलेला मला दिसत होता.

"मैंने किया, मास्टरजी. जाँच मेरी थी."

त्यांनी खिशाला हात लावला. मला वाटलं, आता कागद निघणार. त्यांनी तो आत ढकलला आणि खिशाची गुंडी लावली.

मास्टरनी चिठ्ठी ढोलावर परत ठेवली. मग म्हणाले, "मास्टर मैं हूँ, पर मिस्त्री तो आप हैं. इधर आइए. दोनों. औजार लाए हैं?"

औजारं न घेता दुबेजी देवळातही जात नसत.

"बच्चो," मास्टर मुलांकडे वळले, "अभी तुमने देखा कि बाजा कैसे चुप होता है. अब देखो, बोलता कैसे है." त्यांनी अप्पांना ढोलातली कांबळ्याची घडी काढायला लावली. काडी मारली. तारा तडतडल्या आणि पहिल्या बाकावरची मुलं दचकून मागे सरली. "जो खड़खड़ है ना, साहब, वही इसकी आवाज है." दुबेजींनी क्लॅरिनेटचा दोरा कापला. पात मोकळी झाली, थरथरली आणि जाडा, घोगरा सूर निघाला. मग अप्पांनी टाचणीनं मागच्या भोकातली पुट्टी कोरून काढली आणि तोच सूर एकदम उंच, बारीक होऊन खिडकीतून बाहेर गेला. "पिछला छेद खुला, तो आवाज ऊपर की मंजिल पर चढ़ी." मुलांना घरात जिना कशासाठी असतो ते कळल्यासारखा आनंद झाला. एका मुलानं बादलीतून नळी आणली, दुबेजींनी वाळू आणि तेल पुसलं, आणि ट्रॉम्बोन असा बोलला की काचांवरचे काळे कागद थरारले. अप्पा प्रत्येक सुराला हिरव्या चिठ्ठीकडे बघायचे आणि मान खाली घालायचे.

राहिलं व्हायोलिन.

"वो सफेद पाउडर?" मास्टर म्हणाले. "वो धूल नहीं थी, साहब. बिरोजा था. उसी से बाल तार को पकड़ता है."

दुबेजींनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी दुबेजींकडे. बिरोजा म्हणजे राळ. धातूला डाग देऊन सांधताना लागते म्हणून ती दुबेजींच्या पेटीत वीस वर्षं होती, त्या घडीलाही होती. पण गजाच्या केसांमध्ये मुरलेल्या तेलावर राळ चढत नाही. मास्टरनी व्हायोलिन मांडीवर घेतलं आणि बोटांनी तारा छेडून एक लहानशी धून वाजवली. मुलं इतकी गप्प बसली होती की आता मलाही आवाज ऐकू आला.

मोठ्या बाईंनी सुयांची डबी बंद केली. "दोन तास दिले," त्या म्हणाल्या. "पण वाद्यं शाळेतच ठेवायची. तुमच्या घरी न्यायची नाहीत, कुमुदताई."

गजाला नवे केस लागणार होते आणि ते अप्पांनीच आणायचे, असं अप्पांनी ठरवून टाकलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते आणि दुबेजी स्टेशनवरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर गेले आणि प्रत्येक घोड्याची शेपूट उजेडापुढे धरून तपासली. एका पांढऱ्या घोड्याचा मालक दुबेजींचा गाववाला निघाला. "अरे भैया," तो म्हणाला, "घोड़ा खरीदना है तो सामने से देखो." शेवटी दुबेजींनी पुढून गूळ चारला आणि अप्पांनी मागून, मालकाच्या परवानगीनं, एकेक केस निवडून कापला. नापास झालेल्या केसांबद्दल त्यांनी घोड्यापुढे दिलगिरी व्यक्त केली, असं दुबेजी पुढे सांगायचे. मास्टरनी गज भरला. मी त्याच गजावर त्यांच्याकडून व्हायोलिन शिकले. बरं वाजवत नाही. अप्पा मात्र रोज समोर बसून ऐकायचे. चिठ्ठी कधी बांधली नाही.

कागदाबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही. आधी लाज होती म्हणून, आणि नंतर इतकी वर्षं झाली होती म्हणून.

तर आता पेटी. सर्वांत वर नट आवळायचे पाने, त्याखाली कानस, त्याखाली राळेचा खडा. तळाशी तो कागद, चार घड्या घातलेला, माझ्या चार ठसठशीत सह्यांसकट. त्याला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली. हिरवी नाही, लाल. वर अप्पांचं सरळ, कारखान्यातलं अक्षर:

'वस्तू: थोरली मुलगी. दोष: न बघता सही करते. निर्णय: दुरुस्त होण्यासारखी आहे.'

अप्पांनी आयुष्यभर तारखेशिवाय एकही कागद हातावेगळा केला नाही. या चिठ्ठीवर तारखेची जागा तेवढी कोरी आहे. दुरुस्ती किती दिवसांत पुरी होईल, याची खात्री नसावी. मी चिठ्ठी सोडवली नाही. कागद होता तसा पेटीत ठेवला आणि तो मिळाल्याची खाली पाचवी सही केली. या वेळी दोनदा वाचून.